तीन चाव्या, एक पार्किंग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेले फोटो आधी मोबाइलवर पाहिले, मग मुलीच्या लॅपटॉपवर मोठे करून पुन्हा पाहिले. बंगळूरची २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, ६२ हजार किलोमीटर, मागणी १८ लाख. तुझ्याकडे २०२१ ची फोक्सवॅगन पोलो टीएसआय. इकडे कोल्हापुरात बाबांची २००२ ची फियाट पॅलिओ १.६. पुण्याच्या सोसायटीत तुला पार्किंग एकच. काय घेऊ, काय ठेवू, काय विकू, असं विचारलंस. फोनवर पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण नुसतं उत्तर तुझ्या उपयोगाचं नाही. पुढच्या वेळी मी हाताशी असेन-नसेन, म्हणून कारणांसकट लिहितोय.

आधी पॅलिओ. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘भंगारात देऊन टाकायची का?’ नाही.

ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. २००१ मध्ये पॅलिओ आली तेव्हा आपल्याकडे छोट्या गाडीत १.६ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, १०० घोड्यांचं इंजिन बसवायचं धाडस कुणी करत नव्हतं. जाहिरातीत सचिन होता. दार लावलं की तिजोरीचं दार लागल्यासारखा आवाज यायचा. आंबोलीच्या वळणावर तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग पुढचं चाक कशावर चाललंय ते तळहाताला सांगतं, हे तू लहानपणी मागच्या सीटवर बसून अनुभवलंयस, फक्त तुला तेव्हा कळलं नसेल. शहरात ती लिटरला नऊ-दहा किलोमीटर द्यायची. लोकांनी त्यापायी विकली, पुढच्यांनी पार्ट मिळेनात म्हणून मोडीत काढली. म्हणून आज धड उरलेली १.६ शोधून सापडत नाही. तुझ्या घरात आहे ती पहिल्या मालकाकडे, एकदाही न ठोकलेली, प्रत्येक टायमिंग बेल्टची तारीख वहीत असलेली. बाबांनी ती वही स्वतः लिहिली आहे.

२००६ मध्ये मी माझी होंडा सिटी व्हीटेक विकली. १.५ लिटर, १०६ घोडे, वरच्या आरपीएमला गाणं म्हणायची. गॅरेजच्या जागेची अनामत भरायची होती आणि मनात आलं, पैसे आले की पुन्हा घेऊ. पैसे आले. तशी गाडी काही आली नाही. एक पाहिली तिचं इंजिन बदललेलं, दुसरीचा पुढचा ॲप्रन, म्हणजे बॉनेटखालचा पत्रा, कापून जोडलेला. तेव्हापासून मी विकण्याचा निर्णय एकाच प्रश्नावर घेतो: ही गाडी उद्या, पैसे असताना, मला पुन्हा मिळेल का? मिळणार असेल तर विकताना जीव अडकवू नये. मिळणार नसेल, आणि उभी करायला जागा असेल, तर ठेवावी. पॅलिओला आपल्या वाड्यात जागा आहे. तुझ्या पार्किंगचा तिच्याशी संबंधच नाही.

खर्च येईल, तो आत्ताच ऐकून ठेव. बाबांनी नोंदणी २०१७ मध्ये आणि २०२२ मध्ये नूतनीकरण केली आहे, पुढची २०२७ ला. २० वर्षांवरच्या मोटारीची ती फी आता १० हजार झाली आहे, वर पर्यावरण कर. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही. इंधनाचे रबरी पाइप बदलून घ्यायचे, ते मी इथेच करतो.

आता व्हीआरएस. गाडी चांगलीच आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० पीएस, म्हणजे घोडे, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ज्याचे क्लच तेलात भिजलेले असतात. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीपेक्षा तो जास्त टॉर्क पेलतो आणि ट्रॅफिकमध्ये रांगताना उष्णताही जास्त सोसतो. त्याचं तेल मात्र दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. ही गाडी ६२ हजारांवर विकायला निघाली आहे. मालकाला पहिला प्रश्न हाच विचार, ‘गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल आहे का?’ बिल नसेल तर ते काम तुझ्या गळ्यात पडणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालकाने गाडी कशी सांभाळली तेही तुला कळलं.

दुसरं, रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणं. या गाडीला स्टेज १, म्हणजे पहिल्या पायरीचं रीमॅप करून घोडे वाढवणं फार सोपं आहे, आणि विकताना मूळ फाइल परत टाकणं त्याहून सोपं. रीमॅप केलं म्हणजे गाडी वाया गेली असं मी म्हणत नाही. करून लपवलं, तर मात्र मी सौदा सोडून उठतो. लॅपटॉप लावल्यावर ईसीयूमध्ये, म्हणजे त्या संगणकात, किती वेळा लिहिलं गेलंय तो आकडा बऱ्याचदा दिसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि न कळवलेल्या बदलाचं कारण पुढे करून विमा कंपनी क्लेम अडवू शकते. एक्झॉस्ट बदललेला दिसतोय मला तिसऱ्या फोटोत. मूळ एक्झॉस्ट मालकाकडे ठेवलेला आहे का, विचार. असेल तर तोही ताब्यात घे.

आता ज्याने माझी झोप उडवली ते. गाडी बंगळूरची. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे बेलंदूरच्या बाजूला सोसायट्यांच्या तळघरांत पाणी शिरलं आणि महागड्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इथे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी उतरल्यावर माझ्या गॅरेजसमोर रांग लागली होती. त्या दोन महिन्यांत पाण्यातल्या गाड्यांबद्दल जे शिकलो ते त्याआधीच्या वीस वर्षांत शिकलो नव्हतो. विमा कंपनी अशी गाडी ‘टोटल लॉस’ धरते, ती लिलावात जाते, कुणीतरी धुऊन-पुसून उभी करते. सीट नव्या, कार्पेट नवं, अत्तराचा वास. चार-सहा महिन्यांनी वायरिंगमधल्या जोडांना हिरवा गंज चढतो आणि गाडी एकेक करून वेड्यासारखे दिवे लावायला लागते.

पाणी पकडायची माझी पद्धत सांगतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी शेवटपर्यंत. गुंडाळीच्या आतला पट्टा धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे मातकट रेघ राहते. पुढच्या सीटखाली हात घालून रूळांचे बोल्ट चाचप, गंजाचा खरखरीतपणा बोटाला लागतो. डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचल, खळग्याच्या कोपऱ्यात वाळू आहे का बघ. हेडलाइटच्या आत आडवी फिकट रेघ आहे का बघ. आणि काचा बंद करून एसी पाच मिनिटं फक्त पंख्यावर चालव. ओल्या गोणपाटाचा वास आला की मागे वळून बघू नकोस. शिवाय विम्याची क्लेम हिस्टरी लेखी माग. कुरकुर करणाऱ्या मालकाशी पुढे बोलायचंच नाही.

ठोकलेली गाडी ओळखणं त्यामानाने सोपं. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा, सगळ्या काचांवर छापलेली वर्षं जुळतात का, टायरवरचे चार अंक, म्हणजे कितवा आठवडा आणि कोणतं वर्ष. तुझ्या डोळ्याला हे जमेल.

कागदांपैकी एकच गोष्ट खोलात सांगतो. कर्नाटकची पासिंग आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, कर्ज असेल तर ते फिटल्याचा, बँकेची सही झालेला फॉर्म ३५, आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स पुन्हा. तिकडच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी फेऱ्या मारायची तयारी ठेव, आणि तो पैसा आज हातात आहे असं धरू नकोस. म्हणजे १८ लाखांची गाडी तुला १८ ला पडत नाही. हा टॅक्स किंमत ठरवतानाच मध्ये आण.

वर्षाचा खर्चही बघ. वर्षाला दहा हजार किलोमीटर धर. पोलो तुला लिटरला तेरा देत असेल, ही नऊ देईल. पुण्याच्या भावाने वर्षाला ३५ हजारांच्या आसपास फरक नुसत्या पेट्रोलचा. थर्ड पार्टी विमा पोलोचा २,०९४ रुपये, कारण इंजिन हजार सीसीच्या आत. १,५०० सीसीच्या वर गेलं की ७,८९७. चार टायर ५०-६० हजार. यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. पण हे सगळं एकाच वर्षात आलं, वर कूलंटचा थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप गळायला लागला, तर? म्हणून माझी अट ही, की गाडी घेतल्यावर तुझ्याकडे तीन लाख बाजूला उरले पाहिजेत, आणि ते कर्जाचे नकोत. तेवढे उरत नसतील तर या वर्षी घेऊ नकोस. नंतरची, जास्त घोड्यांची व्हीआरएस २४५ तर आपल्याकडे २०० च आल्या होत्या, पण २३० अधूनमधून विकायला येतात. पुढच्या वर्षीही येईल.

पोलो. चाकणची ती शेवटच्या काळातली गाडी, २०२२ मध्ये बंद झाली. ११० पीएस, हातचा गिअर, तुझं तिच्यावर प्रेम आहे हे मला माहीत आहे. पण माझा तोच प्रश्न तिला लावून बघ. अशा पोलो रस्त्यावर भरपूर आहेत आणि मागणी अजून चांगली आहे, म्हणजे आज भाव मिळेल आणि उद्या हवी झाली तर गाडीही मिळेल. ऑफिसला तू कंपनीच्या बसने जातोस. तेव्हा व्हीआरएस आपल्या तपासणीत पास झाली तर पोलो विक. तिच्यातलं एकही बिल फेकू नकोस, आणि पॉलिश मारून चकचकीत करायलाही जाऊ नकोस, जाणकार गिऱ्हाईक त्याला बिचकतं. पुढच्या चाकाजवळच्या लोअर आर्मचा आवाज येतोय तो मात्र आधी काढून घे, किंवा गिऱ्हाइकाला स्वतः सांग. विकताना नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणाऱ्या सवलतीचं पत्र विमा कंपनीकडून घे, तो बोनस तुझा आहे, नव्या गाडीला लागतो. आणि नुसती चावी देऊन, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळा होऊ नकोस. गाडी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आरसीवर नवं नाव चढेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायला सांगणारं गिऱ्हाईक असेल तर हो म्हण.

व्हीआरएस पास झाली नाही तर पोलोच ठेव, वर्षभर आणखी चालव. त्यात तुझं काहीच जात नाही.

पुढच्या शनिवारी मी रात्रीच्या बसने निघतो, रविवारी सकाळी बंगळूरला पोचेन. तू परस्पर ये. मालकाला निरोप दे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबायचं, कारण थंड इंजिनाची पहिली दहा सेकंदं मला ऐकायची आहेत. लॅपटॉप आणि केबल मी आणतो. टोकन आधी देऊ नकोस, एक रुपयासुद्धा नाही.

पॅलिओची बॅटरी काल चार्जिंगला लावली. बाबा सकाळी काठी घेऊन येऊन बसले होते, बेल्ट कधी बदलला ते वही न बघता सांगितलं.

तुझा,
गॅरेजवाला काका