कोल्हापुरात राहून चित्रपट समीक्षक होता येतं का? सुरुवात कशी करायची?

येतं, पण पहिली काही वर्षं पोटापाण्याची दुसरी सोय हवीच. मानधनावर घर चालत नाही.

सिनेमा पहिल्याच दिवशी, तिकीट काढून बघा. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र झळकतं, तेव्हाच लांबी टिपून घ्या. अंधारात मोबाईल नको, मागचा माणूस ओरडतो. छोटी वही, मोठं अक्षर, एका ओळीत दोनच शब्द: ‘विहीर–आवाज बंद’. घरी गेल्या गेल्या त्या ओळी उलगडून लिहा. सकाळी आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.

परीक्षण ५०० शब्दांचं असेल तर कथेला १०० पुरे, तीही मध्यंतरापर्यंतचीच. नवखे इथंच घसरतात, सगळी गोष्ट सांगून मोकळे होतात. आणि ‘छायाचित्रण सुरेख’ म्हणजे काहीच नाही. कुठला प्रसंग, कॅमेरा कुठं होता, ते लिहा.

जुनं बघाच. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. कोल्हापूरकरानं मूकपटांच्या काळातले इथलेच दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्याबद्दल चार वाक्यंही बोलू नयेत म्हणजे काय! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या रसास्वाद शिबिरांवर लक्ष ठेवा.

निर्मात्याचा पाहुणचार टाळा. तांबडा-पांढरा खाऊन वाईट लिहिणं जड जातं.