बास प्रीअँप पेडलचं प्लगइन बनवतोय. ईक्यू तंतोतंत जुळवूनही ब्लेंड मधोमध आणला की आवाज पोकळ का होतो? न्यूरल मॉडेलकडे वळू का?

तुम्ही सान्सअँप बास ड्रायव्हर डीआय हे पेडल घेतलंय, त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा येतो) मोजून ईक्यू बसवलाय आणि वेव्हशेपर (लाटेचा आकार बदलून विकृती आणणारा भाग) लावलाय. ब्लेंड, म्हणजे कोरा आणि पेडलने रंगवलेला सिग्नल किती मिसळायचा ते ठरवणारा नॉब, पूर्ण उघडा असताना आवाज बऱ्यापैकी जमतो, मधोमध आणला की बास पोकळ होतो. इतक्या वर्णनावरून मला वाटतं की तुमचा वेव्हशेपर ठीक आहे. चूक फेजमध्ये, म्हणजे दोन लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत यात आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय न्यूरल मॉडेलकडे (रेकॉर्डिंगवरून पेडलचा आवाज शिकणाऱ्या नेटवर्ककडे) गेलात तर तीच चूक तुमच्याबरोबर तिकडेही येईल.

हे पेडल बनवणारी टेक 21 ही न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कंपनी. अँड्र्यू बार्टा यांनी 1989 साली पहिला सान्सअँप आणला, तो गिटार थेट मिक्सरला जोडून अँपसारखा आवाज मिळावा म्हणून. बास ड्रायव्हरमध्ये त्याच कल्पनेला ब्लेंडची जोड मिळाली, आणि बास वाजवणाऱ्यांना हे पेडल इतकं का आवडतं याचं उत्तर माझ्या मते त्या एका नॉबमध्ये आहे. ब्लेंड शून्यावर असला की ट्यूब अँपची नक्कल करणारा भाग पूर्ण बाहेर राहतो, म्हणजे ड्राइव्ह (विकृतीचं प्रमाण) आणि प्रेझेन्स (वरच्या सुरांची धार) फिरवून काही होत नाही. बेस, ट्रेबल आणि लेव्हल मात्र चालू असतात. ब्लेंड वाढवाल तसा कोऱ्या सिग्नलमध्ये तो रंगवलेला सिग्नल मिसळत जातो. दोन वाटांनी आलेला एकच सूर एकत्र होतो, तेव्हा कोण किती मोठा याच्याइतकंच कोण किती पुढे-मागे आहे हेही महत्त्वाचं ठरतं. तुम्ही पहिलं मोजलंत, दुसरं राहिलं.

हे माझ्यावरही बेतलंय. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये ओव्हरसॅम्पलिंगच्या (सॅम्पल रेट तात्पुरता वाढवून काम करण्याच्या) फिल्टरमुळे रंगवलेली वाट 32 सॅम्पल उशिरा येत होती. 48 किलोहर्ट्झला हा उशीर 0.67 मिलिसेकंद होतो. ऐकायला काहीच नाही, पण कोऱ्या सिग्नलशी मिसळलं की 750 हर्ट्झला खड्डा, मग 2250 ला, मग 3750 ला. बासच्या बोटांचा आवाज आणि तारेची खरखर नेमकी तिथेच असते. तीन आठवडे मी ईक्यू बदलत बसलो आणि खड्डा दर वेळी तिथेच सापडला. शेवटी ब्लेंडची बेरीज मी ओव्हरसॅम्पल केलेल्या भागाच्या आतच हलवली. कोरा आणि रंगवलेला दोघेही त्याच फिल्टरमधून वर जातात, तिथेच मिसळतात आणि एकत्र खाली येतात. उशीर दोघांना सारखाच, त्यामुळे सॅम्पल मोजत बसायची गरजच उरली नाही. तुम्हीही आधी हेच करा.

दुसरी गोष्ट खालच्या सुरांची. पेडलमधला प्रत्येक कपलिंग कपॅसिटर (दोन टप्पे जोडणारा) हा एक हायपास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर असतो आणि तो खालच्या सुरांची फेज पुढे ढकलतो. उदाहरण म्हणून 80 हर्ट्झचा साधा हायपास घ्या. उघड्या ई तारेच्या 41.2 हर्ट्झला तो सुमारे 63 अंशांनी फेज पुढे नेतो. असे दोन लागोपाठ आले तर 125 अंश, म्हणजे रंगवलेली वाट कोऱ्या वाटेला खाली थोडी खाऊन टाकते. खऱ्या पेडलच्या आवाजात ही कापाकापी आधीपासूनच मुरलेली असते. मॅच ईक्यूने (मोजलेला आलेख आपोआप जुळवणाऱ्या ईक्यूने) तुम्ही लिनिअर फेजचा, म्हणजे सगळ्या सुरांना सारखाच उशीर देणारा फिल्टर बसवला असेल तर आलेख हुबेहूब येईल आणि बेरीज चुकेल. त्याऐवजी साधे आयआयआर फिल्टर (सर्किटसारखीच फेज हलवणारे डिजिटल फिल्टर) वापरा, सर्किटमध्ये असतील तसे एकामागे एक. सिग्नल उलटवणारे टप्पे किती आहेत तेही तपासा. एखादा सुटला तर पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी होते आणि सगळा तळच गायब होतो.

मोजणी तीनदा करा: ब्लेंड शून्यावर, पूर्ण, आणि मधोमध. मी अँजेलो फरिना यांनी 2000 साली मांडलेला घातांकी साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा शुद्ध सूर) वापरतो, कारण त्यात विकृतीने तयार झालेले हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) मूळ रिस्पॉन्सच्या आधी वेगळे पडतात आणि ड्राइव्ह असतानाही रेषीय भाग स्वच्छ काढता येतो. पहिल्या दोन मोजण्यांवर मॉडेल बसवा आणि तिसरी परीक्षेसाठी राखून ठेवा. मधोमध म्हणजे अर्धं-अर्धं असेलच असं नाही, पॉटचा टेपर (नॉब फिरवताना प्रमाण कसं बदलतं ते) वेगळा असू शकतो. म्हणून नॉबच्या नऊ आणि तीन वाजताच्या जागाही मोजा. मग मॉडेलच्या रेकॉर्डिंगची पोलॅरिटी उलटवून ते पेडलच्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळा आणि काय उरतं ते कानांनी ऐका.

ओव्हरसॅम्पलिंग टाळायचा मोह होईल, कारण बास म्हणजे खालचे सूर. पण प्रेझेन्स वर असताना पिकचा फटका 5 किलोहर्ट्झपर्यंत जोरात पोहोचतो. त्याचा सातवा हार्मोनिक 35 किलोहर्ट्झला पडतो आणि 48 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला त्याच्या निम्म्याच्या वरचं मावत नाही, म्हणून तो दुमडून 13 किलोहर्ट्झला येतो, मूळ सुराशी काही नातं नसलेला. चारपट पुरेसं होतं, ड्राइव्ह टोकाला असेल तर आठपट.

आता न्यूरलबद्दल. स्टीव्हन अॅटकिन्सन यांचं न्यूरल अँप मॉडेलर मोफत आहे आणि एका ठरावीक सेटिंगचा आवाज ते सुंदर पकडतं. नॉब फिरवायचे असतील तर मात्र गोष्ट अवघड होते. शिवाय बासची बहुतेक ऊर्जा खाली असते, त्यामुळे शिकताना 3 किलोहर्ट्झची खरखर चुकली तरी एकूण चूक किरकोळच दिसते आणि मॉडेल बोथट होतं. तुलना करण्याआधी दोन्ही सिग्नलना वरचे सूर उचलणारा फिल्टर लावला की हे सुधारतं. मी स्वतः फक्त पूर्ण ब्लेंडचा भाग नेटवर्ककडे सोपवेन आणि ब्लेंड बाहेर, स्वतःच्या कोडमध्ये ठेवेन.

लेव्हल ठरवायला इंटरफेसमधून 100 हर्ट्झची साइन सोडा आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. साधे मल्टिमीटर 1 किलोहर्ट्झला भरवशाचे नसतात. किती व्होल्टला किती डीबी हे एकदा पक्कं झालं की ड्राइव्ह अंदाजाने ठरवावा लागत नाही. आणि मोजताना पेडल 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. आपल्याकडे विजेची गुणगुण 50 हर्ट्झची असते आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी 49 हर्ट्झचा आहे. ती गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरली तर पेडलचा तळ कुठला आणि भिंतीतल्या वायरिंगचा कुठला हे आलेखावरून वेगळं काढता येणार नाही.