जवान ‘सेवा मतदार’ की ‘अनुपस्थित मतदार’?

प्रश्न असा आहे: सिन्नरचा जवान अरुणाचलातल्या तवांगला असेल, तर त्याला मराठीत ‘अनुपस्थित मतदार’ म्हणायचे की ‘सेवा मतदार’? आणि मतपत्रिका संगणकावर येत असेल, तर ती ‘टपाली’ कशी?

‘सेवा मतदार’ म्हणावे. नुसता अर्थ पाहिला तर ‘अनुपस्थित’ चूक नाही, पण निवडणुकीच्या नियमांत ती चिठ्ठी दुसऱ्यांना चिकटली आहे: ८५ वर्षांवरील ज्येष्ठ, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले, अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी. त्यांचा नमुना १२-ड, जवानाचा नमुना २. शब्द चुकला की माणूस भलताच अर्ज भरतो. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत असलेला परप्रांतीय जवानही सहसा आपल्या मूळ गावाचा सेवा मतदार असतो.

समास कानाला खटकतो खरा. ‘सेवेत असलेला मतदार’ असा पुरणपोळीच्या जातीचा मध्यमपदलोपी मानला की सुटतो. सोबत राहणारी पत्नीही यात येते, सज्ञान मुले मात्र नाहीत. २०२१च्या दुरुस्तीने कायद्यातला ‘पत्नी’ जाऊन ‘जोडीदार’ आला आणि महिला अधिकाऱ्याच्या पतीलाही वाट मिळाली.

आता ‘टपाली’. हिंदीत ‘डाक मतपत्र’. आपला ‘टपाल’ मात्र तमिळ, कन्नड, तेलुगूच्या पंगतीतला. २०१६पासून मतपत्रिका जवानाकडे इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते, पण परत येते ती टपालानेच, म्हणून विशेषण टिकले. गोंधळ होतो तो पाकिटांत. खूण केलेली मतपत्रिका एकटीच आतल्या पाकिटात (१३-ब) घालायची. ते पाकीट आणि १३-अ घोषणापत्र, दोन्ही बाहेरच्या पाकिटात (१३-क). घोषणापत्र आतल्या पाकिटात गेले, तर मोजणीच्या टेबलावर बाहेरचे पाकीट उघडल्यावर ते सापडत नाही आणि आतले पाकीट न फोडताच मत बाद होते. घोषणापत्रावर अधिकाऱ्याचे साक्षांकन राहिले तरी तेच. मतपत्रिकेवर स्वतःची सही केली, तरी मत बाद, कारण ओळख पटते. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेले पाकीट जमेस धरत नाहीत.

टपाल नको असेल, तर सेनादलातल्या मतदाराला नमुना १३-फ भरून गावातला माणूस नेमता येतो. मग जवान ‘वर्गीकृत सेवा मतदार’ होतो आणि त्याला टपाली मतपत्रिका मिळत नाही. नेमलेल्याला मराठीत ‘प्रतिपत्री’ म्हणतात, बोलताना सगळे ‘प्रॉक्सी’च म्हणतात. ‘तोतया मतदार’ हा शब्द इथे कुणी गमतीनेही वापरू नये. तो गुन्हा आहे, ही कायदेशीर नेमणूक. प्रतिपत्री त्याच मतदारसंघाचा रहिवासी आणि १८ वर्षांचा हवा. जवानाचे मत दिल्यावर प्रतिपत्रीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते, तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते.