‘पार्टी कोण आहे?’ हा प्रश्न एजंटने विचारावा का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मुलुंडमध्ये गेली अठरा वर्षे इस्टेट एजंट म्हणून काम करतो. फ्लॅट दाखवण्याआधी मालक आणि सोसायटीचे सेक्रेटरी दोघेही ‘पार्टी कोण आहे?’ असे विचारतात, आणि त्यांना त्यातून आडनाव, धर्म व खाणेपिणे एवढेच जाणून घ्यायचे असते. अमेरिकेतील एजंटांच्या संघटनेने वर्णभेदाबद्दल जाहीर माफी मागितल्याचे मी वाचले. आम्ही काही एजंटही अशा भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेण्याच्या विचारात आहोत. परंतु मालक दुसऱ्या एजंटकडे जातील, अशी भीती वाटते. आम्ही काय करावे?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आपण बोलावे, आणि एकट्याने न बोलता दहा-बारा जणांनी मिळून बोलावे.

ज्या माफीचा आपण उल्लेख केला आहे, तिच्यामागे मोठा इतिहास आहे. त्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ साली आपल्या आचारसंहितेत असे कलम घातले होते की, ज्या वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेचे भाव उतरतील, त्यांना त्या वस्तीत आणण्यास सभासदाने कधीही कारणीभूत होऊ नये. म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबाला घर मिळवून देणारा एजंटच नियम मोडणारा ठरत होता. त्या कलमातील वंशाचा उल्लेख १९५० मध्ये निघाला. घरांच्या व्यवहारातील भेदभावाला बंदी करणारा कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी झाला, आणि त्यालाही या संघटनेने विरोध केला होता. माफी आली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर देशभर आंदोलन उसळले त्या वर्षी. मला मात्र १९४७ सालची घटना अधिक मोलाची वाटते : संघटनेची दारे बंद असलेल्या कृष्णवर्णीय एजंटांनी त्या वर्षी स्वतःची वेगळी संघटना उभी केली आणि व्यवसाय करता करताच या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला.

आपल्याकडे असा नियम सहसा कोणी लिहून ठेवत नाही. तो फोनवर, एजंटच्या तोंडून अमलात येतो. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना जात कळताच धर्मशाळेतून काढण्यात आले आणि मित्रांकडेही आसरा न मिळाल्याने मुंबईची गाडी सुटेपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले, हे आपण सगळे जाणतो. पण आज एखाद्या मुसलमान, दलित किंवा ईशान्येकडून आलेल्या माणसाला आपण ‘फ्लॅट गेला’ असे सांगतो, तेव्हा तो प्रसंग आपल्याला आठवत नाही. आपल्याच मुलुंडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. परंतु तीच वागणूक इतरांना वर्षानुवर्षे मिळत असताना आपण गप्प राहिलो, हेही मान्य करावे लागेल.

मीही तीस वर्षे हाच व्यवसाय केला. चेंबूरमध्ये एका नर्स बाईंना मी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला होता. त्यांना तो इतका आवडला की, पडद्याचे माप म्हणून त्यांनी आपली ओढणी खिडकीला लावून पाहिली आणि जिथे ती संपली तिथे गाठ मारून ठेवली. संध्याकाळी मालकाने आडनाव विचारले, नकार दिला आणि मी बाईंना फोन करून ‘दुसरी पार्टी फायनल झाली’ असे सांगितले. फ्लॅट दोन महिने रिकामाच होता आणि माझी जाहिरातही तशीच लागलेली होती. ती पाहून त्यांनी फोन केला आणि ‘अजून गेला नाही का हो?’ एवढेच विचारले. नकार मालकाचा होता, पण खोटे मी बोललो होतो. त्या गाठीची आठवण मला अजूनही अस्वस्थ करते.

कायद्याची बाजूही स्पष्टपणे सांगतो. घटनेचे कलम १५(१) राज्यसंस्थेला बांधते. खासगी मालकाने धर्म वा आहार यांवरून भाड्याने घर नाकारले, तर त्याला थेट रोखणारा कायदा आपल्याकडे नाही. मात्र अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही एखाद्या वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार गुन्हा आहे. काही जण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाचा दाखला देतात. तो अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेबाबत होता आणि तिच्या उपविधींतच (बाय-लॉजमध्ये) फक्त पारशांना सभासदत्व देण्याची अट होती; ती न्यायालयाने ग्राह्य धरली. ज्या सोसायटीच्या उपविधींत अशी अट नाही, तिच्या सेक्रेटरींना या निकालाचा आधार घेता येत नाही. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. भाड्याच्या व्यवहारात एजंटने कसे वागावे, हे तिने ठरत नाही. म्हणूनच ते आपल्यालाच ठरवावे लागेल.

माझी सूचना अशी की, आपण सर्वांनी मिळून एक साधे पत्रक काढावे : आम्ही नोकरी, भाडे भरण्याची ऐपत आणि कागदपत्रे विचारू; जात, धर्म आणि ताटातले अन्न विचारणार नाही. सेक्रेटरींनी नकार दिला, तर तो नम्रपणे लेखी मागावा. माझ्या अनुभवात असा कागद मागितल्यावर बहुतेक वेळा नकारच मागे घेतला जातो. काही मालक सुरुवातीला नक्की तुटतील आणि त्या महिन्यांची दलाली बुडेल, हे मी आपल्यापासून लपवत नाही. पण गल्लीतल्या दहापैकी आठ एजंटांनी हाच शब्द पाळला, तर मालक जाणार तरी कोणाकडे?

प्रश्न : माझा घाटकोपरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. भाडेकरू ‘आपल्यातला’ नसेल तर एनओसी मिळणार नाही, असे सेक्रेटरी म्हणतात. त्यांची परवानगी घ्यावीच लागते का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : नाही. आदर्श उपविधींनुसार आपण सोसायटीला आगाऊ लेखी कळवायचे असते. परवानगी घ्यायची नसते. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी आपलीच आहे. कराराची प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून तारखेसह सही-शिक्का घ्या.