क्लीन टोनसाठी कोणता सॉलिड स्टेट अ‍ॅम्प घ्यावा? मित्र म्हणतात व्हॉल्व्हचाच घे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईला राहता, फेंडर स्ट्रॅटसारखी सिंगल कॉइलच्या (एकेरी गुंडाळीच्या) पिकअपची गिटार आहे, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांतले पीस आणि कॉर्ड स्वच्छ वाजवायचे आहेत. घरी रोजचा सराव, महिन्याला दोन-तीन कार्यक्रम, बजेट २५ हजारांच्या आत. आणि मित्रांचं म्हणणं, सॉलिड स्टेटचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा येतो, काचेच्या व्हॉल्व्हचाच घ्यावा.

मी परभणीचा. २० वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय, लग्नं, गणपती, जयंत्या सगळं. माझं उत्तर सरळ आहे: ट्रान्झिस्टरचाच घ्या, आणि घेताना वॅटच्या आकड्याआधी स्पीकर बघा.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं जे कौतुक होतं, ते जास्त करून आवाज फाटायला लागतो त्या क्षणाचं असतं. तिथे आवाज हळूहळू फाटतो, गोलाई राखून. तंबोऱ्याला जवारी लावल्यावर जशी झार येते, तसं काहीसं. ट्रान्झिस्टर शेवटपर्यंत सरळ चालतो आणि ताकद संपली की लाटेचा माथा कात्रीनं कापल्यासारखा सपाट करतो. तो कापलेला आवाज कानाला टोचतो, हे खरंच आहे. पण तुम्हाला फाटलेला आवाज मुळात नकोच आहे. तुम्हाला संतूरसारखा स्वच्छ, सुटा सूर पाहिजे, आणि त्या हद्दीत ट्रान्झिस्टरची बाजू भक्कम आहे. रोलँडचा जेसी-१२० हा अ‍ॅम्प १९७५ साली आला, १२ इंची दोन स्पीकर, प्रत्येकाला ६० वॅट. क्लीन टोनचं नाव काढलं की आजही जगभरचे वादक त्याचंच उदाहरण देतात. त्याच्या कोरस नावाच्या इफेक्टमध्ये एका स्पीकरातून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित हललेला, आणि दोन्ही हवेत एकत्र होतात. अमेरिकेचे ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी वर्षानुवर्षं लॅब सिरीजचा एल-५ वाजवला, तोही ट्रान्झिस्टरचाच. कोरडेपणाचा ठपका ठेवणाऱ्या मित्रांना हे दोन अ‍ॅम्प ऐकवा.

आता आपल्याकडच्या लाइटीचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून अ‍ॅम्प घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. रब्बीत शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावाकडचा व्होल्टेज बसतो. गंगाखेडच्या बाजूला एका लग्नात मला आवाज सारखा चिरका येत होता, व्हॉल्यूम नेहमीच्याच जागी होता. मल्टिमीटर बोर्डात घातला तर १८० व्होल्ट. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतला व्होल्टेज त्याच प्रमाणात खाली येतो आणि ताकद वर्गाच्या हिशेबानं घटते. २३० च्या जागी १८० आले की ५० वॅटचा अ‍ॅम्प जेमतेम ३० वॅटचा उरतो. माझा आवाज तिथेच कापला जात होता. त्या दिवशी बास कमी केला, व्हॉल्यूम उतरवला, गिटार साउंडवाल्याच्या बोर्डातून जास्त घेतली आणि कार्यक्रम निभावला. त्याच व्होल्टेजवर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ६.३ व्होल्टची फिलॅमेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ५ व्होल्टच्याही खाली जाते आणि व्हॉल्व्ह नीट तापतच नाहीत.

म्हणून अ‍ॅम्पच्या मागची चिठ्ठी वाचायची सवय लावा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं असेल तर आत स्विचिंग पुरवठा आहे, तो पडलेला व्होल्टेज बऱ्यापैकी सांभाळून घेतो. नुसतं ‘२३० व्होल्ट’ असेल तर साधा ट्रान्सफॉर्मर समजा आणि बरोबर स्टॅबिलायझर ठेवा. घरी इन्व्हर्टरवर वाजवणार असाल तर प्युअर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर पाहिजे. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावला की क्लीन टोनमागे सतत मधमाश्यांचं मोहोळ बसल्यासारखी गुणगुण येते, आणि ट्रान्सफॉर्मरही गरम होतो.

आणि अर्थिंग. याबद्दल मी कळकळीनं सांगतो. एका मंडपात माझा अ‍ॅम्प वेगळ्या बोर्डावर होता, तिथे अर्थ नव्हताच. साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर. डावा हात तारांवर, साथीला गायला माइककडे वाकलो, ओठ जाळीला टेकले आणि जबड्यात कडकन ठिणगी बसली. तोंडात रक्ताची चव आणि पुढची दोन गाणी हात थरथरत होते. थोडक्यात निभावलं म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून अ‍ॅम्पची वायर मी साउंडवाल्याच्याच बोर्डातून घेतो, आणि वाजवायच्या आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, एक टोक माइकच्या जाळीला लावतो. आकडा शून्याच्या जवळ आला तरच गिटार गळ्यात. हम (मागची गुणगुण) कमी होतो म्हणून कोणी अर्थची तिसरी पिन कापायला सांगितली तर अजिबात ऐकू नका.

आता वॅट आणि स्पीकर. दुकानदार ‘हा ४० वॅट, तो १०० वॅट’ करत बसतो. पण वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे १० पट वॅट लागतात. उलट एक स्पीकर १ वॅटला ९५ डेसिबल देत असेल आणि दुसरा ९८, तर नुसत्या स्पीकरच्या बदलानं वॅट दुप्पट केल्याइतका फरक पडतो. छोट्या अ‍ॅम्पमधला ६ किंवा ८ इंची स्पीकर घरी गोड वाजतो, पण खालच्या (सगळ्यात जाड) ई तारेवर जरा जोर दिला की कागद फडफडतो, आणि लोकांना वाटतं ट्रान्झिस्टरच खराब. क्लीन टोनसाठी १० इंच कमीत कमी, १२ इंच असेल तर मनासारखं काम.

मग वॅट किती? क्लीन वाजवणाऱ्याला इतरांपेक्षा जास्तच लागतात. पिकचा पहिला ठोका मागच्या आसेच्या कितीतरी पट उंच असतो, आणि तो न कापता जाऊ द्यायला जागा लागते. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर लाटेचा माथा २८ व्होल्टपर्यंत जातो, २० वॅटला १८ पर्यंत. ही वरची मोकळी जागा म्हणजेच तुमचा क्लीन टोन. घरापुरते २० वॅट पुरतात. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि ड्रमच्या बरोबर उभं राहायचं असेल तर ४० ते ५०. त्याच्यावर जाऊ नका, कारण मोठ्या मैदानात लोकांपर्यंत आवाज न्यायचं काम साउंडवाल्याचं आहे, तुमचा अ‍ॅम्प तुमच्या कानासाठी आहे. साउंडवाल्याला आवाज द्यायला लाइन आउट (मिक्सरकडे वायर न्यायचं भोक) असलेला बघा, नसेल तर समोर माइक लावा.

गिटार सरळ भोंग्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा मिक्सरच्या लाइनला लावून पैसे वाचवावेत असंही मनात येईल. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. पिकअपला (तारांखालच्या चुंबकाच्या गुंडाळीला) समोर साधारण १० लाख ओहमचं इनपुट पाहिजे, मिक्सरच्या लाइनला काही हजार ओहमच असतं. त्यामुळे वरचे सूर दबतात आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी लागते. त्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असलेला स्पीकर असेल तर पिकचा खरखराट तेवढा पुढे येतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या पुढे आपणहून उतरतो, आणि आपल्याला ओळखीचा असलेला गिटारचा आवाज त्या उतारामुळेच आहे.

तुमच्या गरजेला मी पहिला बघेन तो फेंडर चॅम्पियन, १२ इंची स्पीकरचा ४० वॅटचा, किंवा त्यानंतर आलेला ५० वॅटचा. त्याचा क्लीन चॅनल सिंगल कॉइलला फार छान जुळतो. दुसरा बॉसचा कटाना ५०. तोही १२ इंची, आणि मागची ताकद ०.५ वॅटवर आणता येते, म्हणून रात्री घरात कोणाची झोप न मोडता सराव होतो. त्यातले इफेक्ट भरपूर आहेत, तुम्ही मात्र ‘क्लीन’वर ठेवा आणि पहिला महिना बाकीच्यांना हात लावू नका. ऑरेंज क्रश ३५ मध्ये १० इंची स्पीकर आहे, आवाज जरा मधल्या पट्टीत भरलेला, कॉर्डपेक्षा पीस वाजवायला जास्त आवडला. रोलँडचा जेसी-२२ मिळाला तर कोरस त्याच घराण्याचा, पण स्पीकर साडेसहा इंची, म्हणून तो मी घरासाठी आणि रेकॉर्डिंगसाठीच सुचवेन. बजेटमध्ये नवीन बसत नसेल तर जुना घ्यायला काही हरकत नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये झिजणारं फारसं काही नसतं. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. स्पीकरचा कागद मात्र बोटांनी हलके दाबून बघा. आत घासल्याचा आवाज आला तर तो सोडून द्या.

दुकानात जाताना, लातूरला जा की संभाजीनगरला, स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. तिथली भारी गिटार लावून अ‍ॅम्प ऐकू नका. रिव्हर्ब, कोरस, गेन सगळं शून्यावर. आधी काहीच न वाजवता व्हॉल्यूम निम्म्यावर नेऊन मागची सूं ऐका. मग खालची ई मोकळी, जोरात, एकदाच, आणि तार पूर्ण विझेपर्यंत थांबा. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये आस एकसारखी बारीक होत जाते. वाईटात मध्येच एक घरघर येते आणि शेवट तुटतो. त्यानंतर मायनर नाइन्थसारखा दाटीचा कॉर्ड धरून एकेक तार सोडा, मग सगळ्या एकदम. पाचही सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. दुकानदाराला घाई असली तरी या दहा मिनिटांवर तडजोड करू नका.

घरी आणल्यावर बास ४, मिड ७, ट्रेबल ५ पासून सुरू करा. फेंडर घाटाच्या टोन नॉबमध्ये सगळं मधोमध ठेवलं तरी मधला आवाज आपोआप खोल जातो. खोलीत ते मखमली वाटतं, पण कार्यक्रमात की-बोर्ड आणि ढोलकी सुरू झाली की गिटार नाहीशी होते. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर, जरा मागे कलता ठेवा, म्हणजे आवाज पोटऱ्यांऐवजी कानाकडे येईल. केबल ३ मीटरची पुरते. लांब स्वस्त केबलमध्ये वरची चकाकी निघून जाते आणि आपण उगाच ट्रेबल वाढवत बसतो.