गाडीतल्या ओट्यावर गॅस की इंडक्शन?

प्रश्न : जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेऊन आम्ही तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा जवळच्या फेऱ्या नेहमी होतात आणि वर्षातून एकदा आम्ही चौघे आठ-दहा दिवस कोकणात जातो. गाडीत पाच किलोचे सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी आहे. बंद गाडीत गॅस नको, असा मुलांचा आग्रह आहे, तर इंडक्शनवर भाकरी होणार नाही, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. घरच्यासारखा इन्व्हर्टर व बॅटरी बसवली की भागेल, असे आमचे वायरमन सांगतात. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वायरमनचा सल्ला प्रथम बाजूला ठेवावा. घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवण्यासाठी असतो. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर जेमतेम ७०० वॅटचा भार पेलतो, आणि इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर २००० वॅट मागते. त्याहून मोठा, शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर बसवला, तरी १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्या वेळी सुमारे १७० अँपिअर प्रवाह ओढला जातो. एवढ्या प्रवाहाला अंगठ्याएवढ्या जाड तांब्याच्या केबल आणि बॅटरीलगत योग्य फ्यूज लागतो. बारीक वायर वापरली, तर ज्या आगीच्या भीतीने गॅस काढायचा, तीच आग विजेच्या वाटेने गाडीत येते. म्हणून बॅटरीची जोडणी २४ व्होल्टची करावी, म्हणजे प्रवाह निम्म्यावर येतो.

आता विजेचा हिशोब पाहू. एक लिटर पाणी उकळायला इंडक्शनवर साधारण ०.१ युनिट वीज लागते. चौघांचा दोन वेळचा चहा, कुकर, भाजी आणि भाकरी धरल्यास दिवसाला दोन युनिटच्या आसपास खर्च होतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा भाकरीचा असतो, कारण तवा बराच वेळ तापलेला ठेवावा लागतो. २४ व्होल्टच्या जोडणीसाठीच्या (प्रत्यक्षात २५.६ व्होल्ट), २०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे पाच युनिट मावतात, म्हणजे इन्व्हर्टरमधील घट धरून दोन दिवसांचा स्वयंपाक होतो. भरपाई मात्र सावकाश होते. अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून, ५०० वॅटचा चार्जर चालवला, तर तुळजापूरला पोहोचेपर्यंतच्या तासाभरात अर्धेच युनिट जमा होते. टपावरची ४०० वॅटची सौर पॅनेल सोलापूरच्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतील; पण कोकणात आपण गाडी नारळी-पोफळीच्या सावलीत लावणार, आणि लावावीही, तेव्हा त्यांचा भरवसा धरू नये. शिवाय आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत उभ्या गाडीचा पत्रा तापून आतील हवा भट्टीसारखी होते आणि अतितापलेल्या लिथियम बॅटरीचे चार्जिंग तिचे संरक्षक सर्किट बंद करते. त्यामुळे बॅटरी टपाखाली न ठेवता खाली, हवेशीर जागी बसवावी.

यावरून माझे मत असे की, रात्रीचा मुक्काम जिथे वीज मिळते तिथे होत असेल, तर इंडक्शन निःशंक घ्यावे. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, म्हणून भक्तनिवासात उतरण्यापूर्वी तो आहे का आणि वापरू देतात का, हे विचारावे. कोकणच्या फेरीसाठी मात्र एक बर्नर ठेवावा. दोन बर्नरची शेगडी काढून एका बर्नरची घ्यावी व उरलेल्या जागेत एकच इंडक्शन बसवावे. मुलांची भीती अनाठायी नाही: एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचतो. यासाठी सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद करून त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक ठेवावे, चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद असावा आणि शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी असावी.

राहिली भाकरी. सौभाग्यवतींचे म्हणणे अर्धे खरे आहे, कारण आचेवर धरून भाकरी फुगवणे इंडक्शनवर शक्य नाही आणि खोलगट तवाही त्यावर नीट तापत नाही. सपाट बुडाचा जाड लोखंडी तवा मध्यम आचेवर ठेवून फडक्याने कडा दाबल्या, तर भाकरी तव्यावरच फुगते. पातळ तवा मधोमध जळतो आणि कडा कच्च्या राहतात. जवळच्या फेऱ्यांना तर घरूनच कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी, एवढी सोय सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको.

गाडीच्या रचनेतील बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. आपल्या गाडीची नोंद आतील बदलांसह झाली आहे का, हे आरटीओत तपासून घ्यावे.

प्रश्न : आमची सर्व भांडी अॅल्युमिनियमची आहेत, ती इंडक्शनवर तापत नाहीत. गाडीत इंडक्शनऐवजी कॉईलची शेगडी चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बाहेरची वीज असेल तर चालेल, बॅटरीवर नको. कॉईलची बरीच उष्णता भांड्याबाहेर वाया जाते आणि बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते, जे अरुंद गाडीत धोक्याचे आहे. त्यापेक्षा इंडक्शनला चालणारा एक स्टीलचा कुकर आणि एक पातेले घ्यावे. गाडीतल्या स्वयंपाकाला त्याहून जास्त भांडी क्वचितच लागतात.