चिकट राहिल्या काय, भुगा झाला काय, बघायचं पाकाकडेच

पहिल्या वेळी ओट्स-कोकोच्या बिनओव्हन कुकीज रात्रभर ठेवूनही बोटाला चिकटत होत्या आणि दुसऱ्या वेळी त्याच मापाने केल्या तर उचलताच भुगा झाला, म्हणून आता ओट्स बदलू की कोको, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही राहू द्या. तुमचं माप ठीक आहे, चुकतोय तो उकळण्याचा वेळ.

बिनओव्हनच्या या पदार्थाला कुकी म्हणायचं ते आकारामुळे. यात मैदा नाही, अंडं नाही, भाजणं नाही. सगळं धरून ठेवते ती साखर. म्हणजे हे काम पाकाचं आहे, आणि पाक कच्चा राहिला की चिकट, पुढे गेला की कोरडा. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

मी वापरते ते प्रमाण असं: साखर 400 ग्रॅम, दूध 120 मिली, लोणी 115 ग्रॅम, कोको पावडर 25 ते 30 ग्रॅम, पीनट बटर 125 ग्रॅम, क्विक ओट्स 270 ग्रॅम, चमचाभर व्हॅनिला, चिमूटभर मीठ. मध्यम आकाराच्या पंचवीस-तीस होतात. सुरुवात करण्याआधी ओट्स मोजून, पीनट बटर वाटीत काढून, कागद पसरून ठेवा. नंतर डबे उघडत बसायला वेळ मिळत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात आधी साखर आणि कोको कोरडेच एकत्र करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग दूध आणि लोणी घालून मध्यम आचेवर ढवळत राहा. आता खरी गोम इथे आहे. कडेला बुडबुडे दिसले की बहुतेक जण घड्याळ लावतात. मीही कितीतरी दिवस तेच करत होते आणि दर वेळी चमच्याने खायचं काहीतरी तयार व्हायचं. थांबा. मधोमध, सगळीकडून खदखदायला लागलं पाहिजे, ढवळलं तरी उकळी बसता कामा नये. तिथून एक मिनिट मोजा, फार तर दीड. पातेलं पसरट असेल किंवा अर्ध्याच मापाने करत असाल तर पाणी लवकर उडतं, म्हणून मिनिटाच्या आतच लक्ष ठेवा. दुसऱ्या वेळी तुमच्याकडून बहुधा दोन-तीन मिनिटं झाली असतील. चिकटपणाची धास्ती घेतली की हात तिकडे झुकतोच.

थर्मामीटर असेल तर घड्याळ विसरा. 110 अंश सेल्सियसला आच बंद. गोळीबंद पाक साधारण 112 ते 116 अंशांना होतो, आपल्याला त्याच्या किंचित अलीकडे थांबायचंय, कारण पातेलं गरम असल्यामुळे पाक थोडा पुढे जातोच. उंचावर राहत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा: दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो, तेवढाच हा आकडाही उतरवायचा.

आच बंद केल्यावर पीनट बटर, व्हॅनिला, मीठ. व्हॅनिला उकळत्या पाकात घातला तर वास वाफेबरोबर निघून जातो. मग ओट्स घालून भराभर कालवा आणि लगेच चमच्याने कागदावर टाका. वीस-तीस मिनिटांत वरची चकाकी जाऊन रंग मंद होतो. ते झालं की पाक जमला. चकाकी तशीच राहिली तर समजायचं की कच्चा होता.

ओट्सबद्दल: क्विक ओट्स बारीक असल्याने पाक पटकन शोषतात. जाड रोल्ड ओट्स असतील तर मिक्सरला दोन झटके द्या, पीठ करू नका. स्टील कट ओट्स (चपटे न करता नुसते तुकडे केलेले) यात अजिबात नकोत, दाताखाली खडे आल्यासारखं होतं. न शिजवता कसे खायचे, ही शंका असेल तर रोल्ड आणि क्विक दोन्ही कारखान्यातच वाफवून चपटे केलेले असतात. कोको कुठलाही चालतो. इथे खायचा सोडा नाही, त्यामुळे नैसर्गिक की डच (अल्कलीची प्रक्रिया केलेला) हा वाद गैरलागू. पीनट बटर मात्र वर तेल सुटणारं असेल तर नीट ढवळून घ्या, नाहीतर कुकीज तेलकट होतात.

साखर निम्मी करून चालेल का, हे पुढे कोणीतरी विचारणारच. चव लागेल, पण आधारच कमी केल्यावर कुकी बाहेर घट्ट राहणार नाही, फ्रिजमध्येच ठेवावी लागेल. लोण्याऐवजी खोबरेल तेल वापरलं तरी तेच, ते 24 अंशांच्या आसपास वितळतं. दमट हवेत साखर ओलावा ओढते, म्हणून झालेल्या कुकीज उघड्या ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात.

बिघडलेल्यांचं काय? भुगा झाला असेल तर पातेल्यात घेऊन दोन चमचे गरम दूध शिंपडा, मंद आचेवर जेमतेम ओलसर करा आणि ताटलीत दाबून थापा. चिकट राहिलेल्या पुन्हा उकळायला जाऊ नका. ओट्स घातल्यावर मिश्रण तळाला लागतंच. त्या फ्रीझरमध्ये टाका आणि थंडच खा. आमच्याकडे मुलं मुद्दाम तशाच मागतात.